भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर जादू : सोलापुरातल्या नव्या जादूगारांसाठी

सोलापुरात जादूचे प्रयोग करायला लागलात की लवकरच असा कार्यक्रम हाती येतो, जिथं समोरच्या निम्म्या लोकांपर्यंत तुमची मराठी पोचत नाही. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातला वाढदिवस असेल, विडी कामगारांच्या वसाहतीतला गणपती असेल, अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड शाळेचं स्नेहसंमेलन असेल. नाहीतर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर उभे असाल आणि समोर कर्नाटक-तेलंगणातून आलेली गर्दी असेल.

यावर अस्सल सोलापूरकर लगेच म्हणेल, इथं मराठी कुणाला येत नाही? खरंय. भाजीचा भाव करण्यापुरती सगळ्यांना येते. इथला रिक्षावालासुद्धा तीन भाषा चालवतो. पण भाव करण्यापुरती भाषा विनोद समजायला पुरत नाही. शिवाय खरी अडचण मधल्या वयाच्या लोकांची नसतेच. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली बालवाडीतली पोरं आणि मागं खुर्चीवर बसलेली आजी, या दोघांना घरातली तेलुगू किंवा कन्नड सोडून बाकी सगळं अर्धवट कळतं. आणि जादूच्या कार्यक्रमात हेच दोघं सगळ्यात मन लावून बघतात. ‘हिंदीत बोललं की झालं’ हा सल्लाही इथं कामाचा नाही. हिंदीवर तरुण मंडळी आणि उर्दू-दखनी बोलणारी घरं सांभाळली जातात, आजी नाही.

आधी हे लक्षात घ्या

नवा जादूगार समजतो की भाषा कळली नाही तर प्रेक्षक कंटाळेल. ते दुय्यम आहे. मोठा धोका असा की ज्याला शब्द कळत नाहीत तो माणूस तुमचे हात बघत बसतो.

मराठी प्रेक्षकांसमोर आपलं बोलणं नेमकं काय काम करतं ते बघा. तुम्ही मान वर करून एखाद्याला विचारता, “काका, खिशात नाणं आहे का?” सगळ्यांच्या नजरा तुमच्या हातावरून उठून काकांकडं जातात. तुम्ही विनोद करता, लोक हसतात, आणि हसणारा माणूस क्षणभर सैल पडतो. हातचलाखी त्या क्षणात उरकलेली असते. बोलण्यातूनच लक्ष इकडून तिकडं वळवलं जातं. ज्याला आपण सगळे मिसडायरेक्शन म्हणतो त्याचा मोठा भाग जिभेवर चालतो, हे आपल्या ध्यानातही नसतं.

आता तोच खेळ, तेच शब्द, पण समोर भाषा न कळणारी माणसं. प्रश्न विचारला तरी नजर हलत नाही, कारण तो प्रश्न आहे हेच कळलेलं नाही. विनोदावर कुणी हसत नाही. तुमचा हात मात्र सवयीनं ठरल्या क्षणी खिशाकडं जातो आणि तीनशे डोळे त्या हातावर असतात. म्हणून ‘तेच बोलणं त्यांच्या भाषेत पाठ करून म्हणू’ हा विचार सोडून द्या. पाठ केलेल्या वाक्यात उच्चार सांभाळताना तुमचंच लक्ष हातावरून उडतं. प्रयोग नव्यानं बांधावा लागतो.

पायरी १ : आपली बडबड कागदावर काढा

एका खेळात तुम्ही जे जे बोलता ते सगळं वहीत उतरवा, अगदी ‘बघा हं’, ‘आता काय होतंय’सकट. मग प्रत्येक वाक्यापुढं त्याचं काम लिहा. कामं चारच निघतात : माहिती देणं (“डबा रिकामा आहे”), सूचना करणं (“ही दोरी घट्ट धरा”), हसवणं, आणि लक्ष वळवणं.

माहितीची वाक्यं कृतीत बदलायची, सूचना हातवाऱ्यांत. हसवणारी वाक्यं खोडा, त्यांच्या जागी काय आणायचं ते पुढं येईल. लक्ष वळवणाऱ्या वाक्यांभोवती लाल गोल करा. तिथं दुसरी काहीतरी सोय केल्याशिवाय तो खेळ भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर करायचा नाही. पाचव्या प्रकारची वाक्यं सापडली, म्हणजे ज्यांना कामच नाही अशी, तर ती मराठी कार्यक्रमातूनही काढून टाका. अशी वाक्यं भरपूर निघतात.

पायरी २ : खेळ निवडा

मनातला पत्ता ओळखणं, पुस्तकातला शब्द ओळखणं, बंद पाकिटातलं भाकीत, आणि ज्या खेळांत लांबलचक गोष्ट सांगावी लागते ते सगळे बाजूला ठेवा. यांत चमत्कार डोळ्यांना दिसत नाही, तो समजून घ्यावा लागतो. पत्त्यांबद्दल आणखी एक. गावाकडच्या किंवा देवळातल्या कार्यक्रमात पत्ते काढले की काही चेहरे आंबट होतात, कारण तिथं पत्ते म्हणजे जुगार. बदामची राणी आणि इस्पिकचा राजा यांच्यात फरक काय, हे आजीला ठाऊक असायचं कारण नाही.

निवडायचे ते खेळ, ज्यांत आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र दोन्ही स्वच्छ दिसतात. दोरी कापली, जोडली. तीन वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या सारख्या झाल्या. कड्या एकमेकींत अडकल्या, सुटल्या. वर्तमानपत्र फाडलं, अखंड झालं. रुमालाचा रंग बदलला. हवेतून नाणी काढून डब्यात टाकण्याचा खेळ तर माझ्या मते सोलापुरात पहिल्या नंबरचा. साधा स्टीलचा डबा घ्या. नाणं पडल्याचा खण्ण आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो, आणि पैसा हवेतून मिळतोय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चौथ्या-पाचव्या नाण्याला पोरं स्वतःच बोट दाखवायला लागतात : तिथं एक आहे, त्या काकांच्या कानाजवळ एक आहे! पायरी १ मध्ये खोडलेल्या विनोदांची जागा ही पोरं भरून काढतात.

पूर्व भागातल्या कार्यक्रमांसाठी एक खास सल्ला. अदृश्य धाग्यावर वस्तू तरंगवण्याचे खेळ तिथं करू नका. मागावर ज्यांची हयात गेली त्यांचा डोळा आधी धागाच शोधतो. याच्या उलट, दोऱ्याचे तुकडे तुकडे करून तो पुन्हा अखंड करण्याचा जुना भारतीय खेळ जरूर करा. मागावर ताण्याचा धागा तुटला की काम थांबतं, गाठ मारावी लागते, आणि गाठ दिसता कामा नये. बिनगाठीचा सांधलेला धागा बघून तिथली म्हातारी माणसं खुर्चीतून पुढं झुकतात. हा खेळ छोटा आहे, मोठ्या मैदानात दिसणार नाही. घरगुती बैठकीत ठेवा. विड्या वळणाऱ्या बायकांसमोर मात्र कुठलीही हातचलाखी सावकाश करा. हजार विड्यांवर मजुरी मिळवणाऱ्या बोटांना घाईची बोटं लगेच ओळखू येतात.

पायरी ३ : अट सांगू नका, दाखवा

प्रत्येक खेळात प्रेक्षकाला एक-दोन गोष्टी आधी पटायला लागतात : पिशवी रिकामी आहे, दोऱ्या लहान-मोठ्या आहेत, गाठ पक्की आहे. मराठीत आपण हे सांगून मोकळे होतो. आता पिशवी उलटी करा, आतलं अस्तर बाहेर काढा, झटका. मग एका पोराला हात घालू द्या आणि त्याचा रिकामा हात सगळ्यांना दाखवू द्या. तीन दोऱ्या हवेत नुसत्या धरू नका. पहिलीची लांबी दुसरीला लावून दाखवा, उरलेला भाग बोटानं दाखवा. यात वेळ जातो. जाऊ द्या. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर एका तासात मराठीतले बारा खेळ बसत नाहीत, सात-आठ बसतात.

शेवटही तितकाच ठळक लागतो, आणि याला एक जुना दाखला आहे. १९५६ साली पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर मोठ्या फिरत्या करवतीनं मुलगी कापण्याचा प्रयोग केला. कार्यक्रमाची वेळ संपली, निवेदकानं निरोप घेतला, आणि मुलगी उठून उभी राहिलेली प्रेक्षकांना दिसलीच नाही. बीबीसीकडं फोनचा पाऊस पडला. तो प्रेक्षक तर निवेदकाची भाषा जाणणारा होता! आपल्या समोरच्या चार वर्षांच्या मुलीला “काही होत नाही बाळा” हेही कळणार नाही. मान कापायचं यंत्र, तलवारींची पेटी असले खेळ शक्यतो नकोतच. केलेच तर मदतनीस हसत, हात हलवत सगळ्यांसमोर फिरला पाहिजे, आणि तोही लगेच.

पायरी ४ : जिभेचं काम नजरेला द्या

लाल गोल केलेल्या वाक्यांचा हिशेब इथं चुकता करायचा.

पहिलं साधन तुमची नजर. तुम्ही जिथं बघता तिथं प्रेक्षक बघतो, आणि यात भाषा लागत नाही. नाणं उजव्या हातात गेलं असं भासवायचं असेल तर तुमचे डोळे आणि नाक दोन्ही उजव्या हाताच्या मागं गेले पाहिजेत. डाव्या हाताकडं चोरून बघणं हा नवशिक्यांचा कायमचा रोग आहे. बोलण्याच्या आधारानं तो झाकला जातो, गप्प झालात की उघडा पडतो. दुसरं, लहान हालचाल मोठ्या हालचालीच्या पोटात करा. टेबलावरचा डबा उचलायला हात गेला, त्याच वेळी करंगळीनं तिचं काम केलं. तिसरं, टाळीची वेळ वापरा. खेळाचा पहिला परिणाम दाखवला, लोक टाळ्या वाजवतायत, तुम्ही मान लववली : त्या क्षणी पुढच्या परिणामाची तयारी उरकते. विनोदानं मिळायची तीच सैल वेळ टाळीनंही मिळते, फक्त टाळी यावी म्हणून थांबायला शिकलं पाहिजे. परिणामानंतर मनात तीन अंक मोजा. हलू नका. नवशिका लगेच पुढच्या वस्तूला हात घालतो आणि टाळी तिथंच मरते.

संगीत घ्या, पण शब्दांशिवायचं. गाणं लावलं की ज्यांना भाषा कळते ते गाणं ऐकतात आणि ज्यांना कळत नाही ते पुन्हा बाहेर पडतात. खेळागणिक चाल बदला आणि शेवटच्या क्षणी संगीत थांबवा. अचानक शांतता झाली की सगळ्यांच्या माना वर होतात.

पूर्ण मूक कार्यक्रम करावा का? करता येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुंग लिंग सू नावाचा जादूगार युरोपातल्या नाट्यगृहांत जवळपास मूकच प्रयोग करत असे आणि पत्रकारांशीही दुभाष्यामार्फत बोले. तो मुळात विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता, चिनी असल्याचं सोंग घेऊन वावरणारा. १९१८ साली लंडनमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग फसला, तेव्हा तो रंगमंचावर इंग्रजीत बोलला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. दुसऱ्याच्या समाजाचं सोंग घेणं सोडून देऊ. त्याचं गप्प राहणं मात्र लोकांना वर्षानुवर्षं खिळवून ठेवत होतं. तरीही तुम्ही सुरुवातीला पूर्ण मूक जाऊ नये असं मला वाटतं. आपल्याकडच्या पोरांना गप्प माणूस पटकन गूढ वाटतो, मग भीतीदायक. थोडं बोला, भले मराठीतच. सूर प्रेमळ असला की पुरे, अर्थ नाही पोचला तरी.

पायरी ५ : मदतीला कुणाला बोलवायचं

ज्या पोराचा चेहरा आधीच खुललेला आहे त्यालाच बोलवा. लाजणाऱ्या पोराला बोलतं करायला शब्द लागतात आणि ते तुमच्याकडं नाहीत. बोट रोखून बोलवू नका, तळवा वर करून हात पुढं करा. वस्तू देताना उजव्या हातानं द्या. बायकांना हाताला धरून मंचावर आणू नका. भाषेची ओळख नसताना तो स्पर्श जास्तच बोचतो.

सूचना देण्याची एकच रीत : आधी स्वतः करून दाखवा, मग वस्तू त्याच्या हातात द्या. दोरी मुठीत धरायची असेल तर तुम्ही धरा, ओढून दाखवा, सोडा, द्या. सूचना दोनपेक्षा जास्त लागत असतील तर त्या खेळात मदतनीस नको. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. आपल्याकडं दक्षिणेच्या वळणानं मान बाजूला डोलवून ‘हो’ म्हणणारी माणसं खूप भेटतात. तिला ‘नाही’ समजून गोंधळू नका.

मदतनिसाची चेष्टा करायची नाही. मराठी पोराला आपण चिडवतो, तो उलटून बोलतो, लोक हसतात. इथं त्याला उलटून बोलता येत नाही, मग उरतो तो एकतर्फी मार. स्वतःवर हसू ओढून घ्या. कांडी तुमच्याच हातात मोडू दे, पोराच्या हातात गेली की सरळ होऊ दे. हा गमतीचा खेळ सगळ्या भाषांत चालतो.

पायरी ६ : मोजके शब्द, आणि दुभाषी

प्रत्येक भाषेतले चार-पाच शब्द पुरतात. ‘बघा’ म्हणायला तेलुगूत ‘चूडंडी’, इकडच्या कन्नडमध्ये ‘नोड्री’. टाळ्यांना ‘चप्पट्लू’ आणि ‘चप्पाळे’. मोजायला ‘ओकटी, रेंडू, मूडू’ आणि ‘ओंदु, एरडु, मूरु’. जादूगाराला सगळ्यात जास्त लागणारा शब्द फुकटात मिळतो : रिकामं या अर्थी ‘खाली’ उर्दूत चालतो, कन्नडमध्ये चालतो, तेलुगूत थोडा ‘खाळी’ होऊन चालतो. कार्यक्रमाआधी यजमानांच्या घरातल्या कुणाकडून तरी उच्चार तपासून घ्या. तुमचा उच्चार थोडा चुकला तर पोरं आनंदानं दुरुस्त करतील. करू द्या.

मोजणी सगळ्यांकडून मोठ्यानं करून घ्या. सगळी पोरं एका सुरात ‘ओकटी, रेंडू, मूडू’ ओरडली की ताल तुमच्या हातात येतो. परिणाम ‘मूडू’ला होणार असं सगळे धरून चालतात, म्हणून ‘रेंडू’ला कुणी तुमच्या हाताकडं बघत नाही. यापुढं काही सांगत नाही, नवशिक्यांनाही कळलं असेल.

शाळेत मुख्याध्यापक बहुतेक वेळा उत्साहानं म्हणतात, “मी भाषांतर करतो की.” नम्रपणे आवरा. प्रत्येक वाक्याचं भाषांतर होईपर्यंत परिणाम होऊन गेलेला असतो, आणि काही गुरुजी तर भाषांतरासोबत ‘हे कसं केलं असेल’ याचा अंदाजही सांगून टाकतात. त्यांना तीनच जागा द्या : सुरुवातीची ओळख, मधली एक सूचना, शेवटचे आभार. वाक्यं आधी लिहून द्या.

ओळखीच्या त्या वाक्यांत एक वाक्य हवंच : हे सगळं हातचलाखीचं आणि सरावाचं आहे, यात दैवी काही नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. करमणुकीच्या जादूला त्याची आडकाठी नाही, पण चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं गुन्हा आहे. आणि तुमचा खुलासा मराठीत झाला तर ज्यांना तो ऐकायची गरज होती त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही.

साहित्य : इथं सगळ्यात जास्त चुका होतात

बोलून सावरता येत नाही तेव्हा वस्तूच बोलतात, आणि भलतंच बोलतात.

लिंबू घ्या. नोट लिंबातून काढणं हा छान खेळ आहे. पण सीमाभागातल्या गावात लिंबू, लाल कापड, काळा दोरा एकत्र टेबलावर दिसलं की आयांचा हात आपोआप पोरांच्या खांद्यावर जातो. या पट्ट्यात भानामतीच्या गोष्टी अजून जुन्या झालेल्या नाहीत. लिंबाऐवजी टोमॅटो घ्या, संत्रं घ्या. बरं, मग अंडं? लिंगायत मठातला किंवा जैन कुटुंबातला कार्यक्रम असेल तर अंडंही नको, लाकडी असलं तरी नको. प्लॅस्टिकचा रंगीत चेंडू सगळीकडं चालतो. हवेतून भस्म काढणं तर अजिबात नको. ज्यांच्या कपाळावर रोज विभूती असते त्यांच्यासमोर तो खेळ राहत नाही. कवटी, हाडाचा पंजा, काळा झगा घरीच ठेवा.

वर्तमानपत्र फाडायच्या खेळासाठी त्या प्रेक्षकांच्या भाषेतलं वर्तमानपत्र मिळवा. कन्नड गावात कन्नड अंक उलगडला की पहिल्यांदा सगळे सैल होतात. फक्त घरीच पानं नीट बघून घ्या : देवाचा, महापुरुषाचा, कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो असलेलं पान फाडायचं नाही. त्यातलं शीर्षक काय आहे हेही कुणाकडून वाचून घ्या, नाहीतर तुम्ही हसत हसत एखादी अपघाताची बातमी सगळ्यांना दाखवत असाल.

झाकायला मखमली रुमालाऐवजी आपला टॉवेल किंवा सोलापुरी चादर वापरून बघा. ती ओळखीची असते, तिच्यात काही लपवलंय असा संशय कमी येतो, आणि ती खेळ सुरू होण्यापूर्वी तपासायला कुणाच्याही हातात देता येते.

तालीम

मोबाईलवर पूर्ण खेळ चित्रित करा, आवाज बंद करा, आणि जादू न येणाऱ्या घरच्या कुणाला तरी दाखवा. विचारायचं एवढंच : “काय झालं ते सांग.” आवडलं का, असं विचारू नका, घरचे हो म्हणतात. “आधी पिशवी रिकामी होती, मग त्यातून रुमाल निघाला” असं उत्तर आलं तर खेळ तयार आहे. “काहीतरी हातात घेतलं होतं, मग एकदम रुमाल” असं आलं तर पायरी ३ वर परत. आणि “डावा हात खिशात का गेला?” असं आलं तर पायरी ४.

मूकबधिर मुलांच्या शाळेचं बोलावणं आलं तर हीच बांधणी जवळपास जशीच्या तशी चालते. पाठीमागून प्रकाश येईल असे उभे राहू नका, मुलांना चेहरा दिसला पाहिजे. टाळ्यांचा आवाज अपेक्षू नका, तिथं दोन्ही हात वर करून हलवतात. परिणामानंतर थांबायची वेळ दुप्पट ठेवा, कारण मुलं एकमेकांकडं वळून हातांनी बोलतात आणि तेवढ्यात तुम्ही पुढं गेलात तर पुढचा खेळ निम्म्यांचा चुकतो. नाण्यांचा डबा मात्र बदला. खण्ण आवाजावर उभा असलेला खेळ इथं निम्मा होतो. डब्याऐवजी काचेची बरणी घेतली की नाणी साठताना दिसतात.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत करायचं असेल तर वेगळा हिशेब. तिथं कार्यक्रमाला सुरुवातच नसते, माणसं मधूनच येतात, मधूनच पाळण्याकडं निघून जातात, आणि शेजारच्या भोंग्यापुढं तुमचं संगीत ऐकू जात नाही. पाच-सहा मिनिटांचा फेरा बांधा : कड्या, दोरी, नाणी, आणि पुन्हा कड्या. साहित्य छातीच्या उंचीवर धरा, म्हणजे बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरालाही दिसतं आणि मागच्या रांगेलाही. नाण्यांचा डबा खाली ठेवून वळू नका.